चामराजपेटेतला लांब सूर

गुंडूरावांना आयुष्यात एकच गोष्ट उत्तम येत होती आणि ती वर्षातून फक्त दहा दिवस लागायची. बाकीचे तीनशे पंचावन्न दिवस ते एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसत. आलेल्या कागदाला नंबर देत, गेलेल्या कागदाला नंबर देत, आणि मधल्या काळात त्या कागदाचं काय होतं ह्याची चौकशी करण्याचा आगाऊपणा त्यांनी कधी केला नाही. पण भाद्रपद उजाडला, कानडी मुलखातल्या चामराजपेटेच्या मराठी मंडळाचा गणपती बसला आणि आरत्या सुरू झाल्या, की ह्याच गुंडूरावांना लोक खांद्याला धरून पुढे आणून उभे करत.

कारण ती आरती. कोणती ते मराठी माणसाला सांगायला नको. तिच्यात देवाला हाक मारायची एक जागा आहे. तिथे झांजा थांबतात, टाळ्या थांबतात आणि सगळे मिळून एकच सूर धरतात तो दम संपेपर्यंत सोडत नाहीत. आधी पोरंटोरं गळतात. मग पान खाणारे. मग पोटं सुटलेले. मग ज्यांना आपण अजून तरुण आहोत असं वाटत असतं ते, डोळे पांढरे करून. शेवटी सगळ्या हॉलमध्ये एकच आवाज उरतो. तीस वर्षं तो आवाज गुंडूरावांचा होता. त्याआधी तो त्यांच्या वडिलांचा होता. एका वर्षी मंडळाच्या चिटणिसांनी मनगटी घड्याळ लावून तो मोजला तेव्हा बावन्न सेकंद भरला आणि तशी नोंद मंडळाच्या कार्यवृत्तात झाली. "आमच्या घराण्याची छातीच तशी आहे," असं गुंडूराव विनयाने म्हणत. विनय एवढाच, की ते कुणी विचारलं तरच म्हणत. कुणी न विचारल्यास विचारेपर्यंत थांबत.

गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी तो आवाज तुटला.

सूर धरून जेमतेम अठरा सेकंद झाले असतील. गुंडूरावांची छाती रिकामी झाली आणि नेहमी त्यानंतर जे व्हायचं ते झालंच नाही. नेहमी अशा क्षणी कुठूनतरी दुसरा दम यायचा. पितरांचा आशीर्वाद किंवा साक्षात गजाननाची कृपा, असं गुंडूराव मानत. त्या दिवशी ना पितर आले ना गजानन. सूर बंद पडला. हॉलमध्ये शांतता पसरली आणि त्या शांततेत मागच्या खांबाजवळून एक कोरा करकरीत आवाज उठला, त्याने सूर उचलला आणि तो आरामात पुढे नेला. गिरीधर नावाचा पुण्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेला, कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत काम करणारा मुलगा होता तो. सूर धरलेला असताना त्याने मध्येच घड्याळातही पाहिलं, हे गुंडूरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

वर तो येऊन म्हणाला, "काका, सॉरी हं. मला वाटलं तुम्ही थांबलात, म्हणजे आता कोणीतरी कंटिन्यू करायचं असतं."

सॉरीबद्दल गुंडूरावांची तक्रार नव्हती. काका लागलं. उरलेले नऊ दिवस ते गळ्याला मफलर गुंडाळून आरतीला गेले आणि घसा बसल्याचं खुणेने सांगत राहिले. घरी सांत्वन करायलाही कुणी नव्हतं. पत्नी सरस्वतीबाई धाकट्या मुलीच्या, वाणीच्या, बाळंतपणासाठी हुबळीला गेल्या होत्या, त्या दसऱ्यानंतर परतल्या आणि सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "असू दे हो. वय होतंय."

ह्या वाक्याने गुंडूरावांची झोप उडाली. ह्या वर्षी ज्येष्ठ महिना लागताच त्यांनी निश्चय केला, की गेलेला दम परत आणायचा. मंडळाच्या हॉलमध्ये पुन्हा तो सूर आपल्याच तोंडून निघाला पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी लोक आपल्याला मागे खुर्चीवर बसवतील आणि प्रसादाचे द्रोण मोजायला सांगतील. मंडळात म्हातारं झाल्याची ती अधिकृत खूण होती.

निश्चय गुप्त ठेवायचा होता. चामराजपेटेत गुप्त ठेवणे म्हणजे फक्त शेजारच्या भागूबाईंना सांगणे. भागूबाईंनी ज्येष्ठमध चघळायला दिलं. समोरच्या शिंप्याला भागूबाईंकडून कळलं, त्याने रोज वीस फुगे फुगवायला सांगितले. गुंडूराव कचेरीत जेवणाच्या सुट्टीत फुगे फुगवू लागले, तेव्हा साहेबांनी कुणाचा वाढदिवस आहे म्हणून विचारलं आणि गुंडूरावांना घाबरून स्वतःचा सांगावा लागला. त्या दिवशी सगळ्या कचेरीला मैसूरपाक खिलवण्यात त्यांची दुपार गेली. कोपऱ्यावर एक नागस्वर, म्हणजे इकडची लांब सनई, वाजवणारा राहायचा. त्याचं म्हणणं, गाल फुगवून हवा गालात साठवायची आणि नाकाने आत घ्यायची. गुंडूरावांनी चार दिवस तसं केलं. पाचव्या दिवशी दंतवैद्याकडे जाण्याचा सल्ला बस कंडक्टरने दिला.

शेवटी भागूबाईच म्हणाल्या, "अण्णा, माझा दीर आहे की नाही, तो विहिरीत दोन-दोन मिनिटं बुडी मारायचा. पाण्यात तोंड घालून बसायचं. दम आपोआप वाढतो."

आता चामराजपेटेत विहीर कुठून आणायची? गुंडूरावांनी न्हाणीघरातली पितळी बादली निवडली. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. ज्या दिवशी यायचं त्या सकाळी बादली तोंडोतोंड भरलेली असे. ते गुडघे टेकून बसले, नाक मिटलं आणि डोकं कानापर्यंत आत घातलं. मनात आकडे मोजू लागले. नेमकी त्याच वेळी दूधवाली दूध घेऊन मागच्या दारी आली. उघड्या न्हाणीघरात घरधनी बादलीत डोकं घालून निश्चल बसलेला पाहून तिने जी किंकाळी फोडली, तिने अख्खी गल्ली गोळा झाली. दोघांनी गुंडूरावांना काखेत धरून बाहेर ओढलं. एकाने पाठीत गुद्दे घातले. एक रिक्षावाला रिक्षा थेट दारापर्यंत आत घेऊन आला. "नानु चन्नागिद्दीनी! मी बरा आहे!" असं गुंडूराव कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत सांगत होते, पण तोंडात पाणी असल्यामुळे ते कुठल्याच भाषेत कळत नव्हतं. भागूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अण्णा, असं करू नका हो. कचेरीत काही त्रास आहे का?"

सरस्वतीबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि बादलीकडे पाहिलं.

"दोन दिवसांचं पाणी होतं ते," त्या म्हणाल्या. "प्यायचं."

मग मऊ आवाजात म्हणाल्या, "दमच वाढवायचाय ना? मग नीट शिका. स्वल्प अक्कल लावा."

नीट शिकायचं म्हणजे योगवर्ग. पण तो चामराजपेटेत नको. गल्लीत आता गुंडूरावांना बघून लोक दारातल्या बादल्या आत घेत होते. म्हणून राजाजीनगरातला वर्ग ठरला, दोन बस बदलून. तिथे एक योगकेंद्र होतं आणि त्या केंद्राला एक फॉर्म होता. गुंडूरावांची हयात फॉर्मांत गेलेली, त्यामुळे ते निर्धास्त होते. तीन फोटो, तेही चिकटवलेले. वरच्या अधिकाऱ्याची सही. आणि एक रकाना: येण्याचे कारण. त्यात तीनच पर्याय छापलेले होते, रक्तदाब, मधुमेह आणि पाठदुखी.

"माझं कारण चौथं आहे," गुंडूराव टेबलावरच्या बाईंना म्हणाले.

"चौथं कारण आमच्याकडे नाही, सर. ह्यातलं एक घ्या."

एक आवक-जावक कारकून दुसऱ्या कारकुनाशी वाद घालत नाही. गुंडूरावांनी रक्तदाबावर खूण केली. त्यातल्या त्यात तो त्यांना प्रतिष्ठित वाटला. "मग डॉक्टरांचा दाखला आणा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, दोनदा तपासलं आणि आनंदाने सांगितलं, "अगदी नॉर्मल. तुम्हाला काहीही झालेलं नाही." हे ऐकून आयुष्यात पहिल्यांदाच एखादा माणूस दवाखान्यात हिरमुसला असेल. गुंडूराव बाहेर आले, दवाखान्याच्या जिन्याकडे पाहिलं, पाच वेळा वर गेले, पाच वेळा खाली आले आणि धापा टाकत पुन्हा आत शिरले. "परत एकदा बघता का? मघाशी मी जरा शांत होतो." ह्या वेळी पारा असा चढला की डॉक्टरांनी दाखला तर दिलाच, शिवाय मीठ बंद केलं, लोणचं बंद केलं, पापड बंद केले आणि हे सगळं एका कागदावर लिहून तो कागद सरस्वतीबाईंच्या हातात पडेल अशी व्यवस्था केली. खरं काय ते गुंडूराव घरी सांगू शकले असते. पण जिन्याची गोष्ट सांगण्यापेक्षा अळणी आमटी खाणं त्यांना अब्रूचं वाटलं. आषाढ-श्रावण त्यांनी त्या अळणी आमटीवर काढला.

"रक्तदाब आहे म्हणता, तर एकटे नको जायला," असं म्हणून सरस्वतीबाईही वर्गाला येऊ लागल्या. त्यांचाही फॉर्म भरला. कारण, पाठदुखी. ती खरी होती.

वर्ग घेणारे देवाप्पा मास्तर निपाणीकडचे, शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले. माणूस बुटका, पण बसला की डोंगरासारखा बसायचा. गुंडूराव पहिल्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन गेले होते. मास्तरांनी ते काढून घेऊन खिडकीत ठेवलं.

"मास्तर, मला श्वास किती लांब धरता येईल?"

"धरायचा न्हाई."

"मग वाढवायचा कसा?"

"वाढवायचा बी न्हाई. श्वास येतोय, बघा. जातोय, बघा. तुम्ही नुसतं दारात बसल्यागत बसा. कोण आलं, कोण गेलं, बघत ऱ्हावा. हाताला धरून आत वढू नका."

गुंडूरावांना हे शिक्षण नव्हे, फसवणूक वाटली. दोन बस बदलून, अळणी खाऊन, तीन फोटो चिकटवून माणूस येतो तो काय दारात बसायला? पण बसले. डोळे मिटले. आणि एक गंमत झाली. श्वासाकडे बघायला लागलं की श्वास काही दिसायचा नाही, गाणी दिसायची. एक श्वास आत आला आणि त्याबरोबर रामनवमीच्या मांडवातली गाण्याची कचेरी, म्हणजे मैफल, आली. लहानपणी तिकिटाला पैसे नसत, तेव्हा ते आणि त्यांचे मित्र कुंपणाबाहेर रस्त्यावर चवड्यांवर बसून ऐकायचे, हातात भिजवलेल्या डाळीच्या कोसंबरीचा द्रोण आणि पानकाचा पेला असायचा. आत व्हायोलिन वाजायचं आणि बाहेर वेलदोड्याचा वास यायचा. अजूनही व्हायोलिन ऐकलं की त्यांच्या जिभेवर गूळ-लिंबू येतं. दुसरा श्वास आला आणि स्वतःच्या लग्नातलं नागस्वर आलं. वरात निघाली तेव्हा तो वाजवणारा इतका रंगला होता की मंडळी पुढे गेली आणि तो मागे चौकातच वाजवत राहिला. नवरी शालूच्या आडून हसली होती. ते हसू गुंडूरावांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्या वेळी. मग वडील आले, हॉलमध्ये पुढे उभे राहिलेले, नसा फुगलेला गळा आणि तो लांबच लांब सूर. त्या सुराच्या खाली उभं राहिलं की दहा वर्षांच्या गुंडूला वाटायचं, हा संपेपर्यंत आपल्याला कुणी काही करू शकत नाही.

"मास्तर, श्वास बाजूला राहतो आणि मला गाणीच ऐकू येतात," त्यांनी एक दिवस कबुली दिली.

"येऊ द्या की," देवाप्पा म्हणाले. "गाणं म्हंजे बी श्वासच. ऐका. ऐकता ऐकता परत या."

कधी नव्हे ते गुंडूराव ऐकायला शिकत होते. तीस वर्षं त्यांनी नुसता सूर लावला होता. ऐकायला त्यांना सवडच नव्हती.

श्रावण संपत आला तेव्हा मास्तरांनी भ्रामरी शिकवली. कानात बोटं न घालता, डोळे मिटून, भुंग्यासारखा एकच सूर, श्वास आपणहून संपेपर्यंत. "ज्येला जो सूर आवडतो त्यो लावा," ते म्हणाले. गुंडूरावांनी अर्थातच तो लावला. अठरा-वीस आकड्यांना छाती रिकामी झाली, त्यांनी तोंड मिटून गुपचूप श्वास घेतला, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

सूर चालूच होता. तोच सूर, तीच पट्टी, टोकाशी किंचित हेलकावा तोही तोच. श्वास आपण घेतोय आणि आवाजही आपलाच चाललाय, असं त्यांना एक क्षणभर खरंच वाटलं. तो दुसरा दम! पितर आले! त्यांनी एक डोळा उघडला. शेजारच्या चटईवर सरस्वतीबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि सूर त्यांचा होता. खाली, मऊ, चिकटून लावलेला. तो चाळीस आकड्यांपर्यंत गेला. मग त्यांनी सावकाश श्वास घेतला, जसा कुणी उंबऱ्यावर टेकून पदर सारखा करतो तसा.

परतीच्या बसमध्ये गुंडूराव बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. सुजाता टॉकीजचा थांबा गेला तेव्हा त्यांनी विचारलं.

"मंडळात तू कुठे बसायचीस?"

"तुमच्या पाठीमागे. बायकांची पहिली ओळ."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"आणि गेल्या वर्षी हुबळीला."

सरस्वतीबाईंनी मांडीवरची पिशवी उगाच सरळ केली.

"तो सूर," गुंडूराव म्हणाले, "मी जेव्हा श्वास घ्यायचो..."

"तेवढ्यापुरता मी धरायची," त्या म्हणाल्या. "तुम्ही घेतला की सोडायची. एका सुरात तीनदा लागायचं. नंतर नंतर चारदा."

"कधीपासून?"

"मामंजींनी तुमच्याकडे दिला त्या वर्षापासून. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, सूनबाई, ह्याचा दम तोकडा आहे, तू सांभाळ. मला त्यांनीच शिकवलं. तो संपायच्या आधी कसं शिरायचं, कळू न देता कसं निघायचं."

"आईने? तिला काय ठाऊक?"

सरस्वतीबाईंनी नवऱ्याकडे दयेने पाहिलं. "अहो, मामंजींचा सूर कोण सांभाळत होतं?"

घराण्याची छाती! बावन्न सेकंद! कार्यवृत्तातली नोंद! वडिलांचा तो डोंगराएवढा सूर, ज्याच्या सावलीत ते वाढले, त्यातला निम्मा त्यांच्या आईचा होता. आणि ती बापडी मागे बसून नंतर निरांजनाची वात सारखी करायची. दोन दिवस गुंडूराव रुसून होते. नक्की कुणावर रुसलोय हे ठरत नसल्यामुळे त्यांनी ते सोयीने सगळ्यांवर वाटून टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सरस्वतीबाई धान्य निवडत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या. गुंडूराव दारात नुसते बसले होते. कोण आलं, कोण गेलं बघत. त्यांना एकदम कळलं की आपण तीस वर्षं हाच आवाज ऐकत आलोय आणि एकदाही ऐकलेला नाही. त्यांना फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्यावर गुंडूराव जे करत ते त्यांनी केलं. त्यांनी अर्ज केला.

अर्जाची गरज होतीच. गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर चिटणीस जयतीर्थ ह्यांनी सूचनाफलकावर लिहिलं होतं, "आरतीतील सूर लांबविण्यास इच्छुक असणाऱ्यांनी श्रावण अमावास्येपर्यंत लेखी अर्ज करावेत." जयतीर्थ वीज खात्यातून निवृत्त झाले होते आणि देवाच्या बाबतीतही जोडणी रीतसर असावी अशा मताचे होते. अर्ज दोनच आले. एक गिरीधरचा, टाइप केलेला. दुसरा गुंडूरावांच्या वळणदार अक्षरातला. जयतीर्थांनी तो दोनदा वाचला.

"गुंडूराव, नाव चुकलंय."

"नाही."

"सौ. सरस्वतीबाई लिहिलंय."

"तेच आहे. पत्ता तोच आहे बघा."

"पण बायका... म्हणजे... आजवर..."

"इच्छुक असणाऱ्यांनी, असं लिहिलंय तुम्ही. फळ्यावर आहे. त्यात पुरुष शब्द दाखवा."

स्वतःच्या सूचनेविरुद्ध जाण्याची जयतीर्थांची छाती नव्हती. बैठक झाली, चहा झाला, ठराव झाला. गणेश चतुर्थीला सौ. सरस्वतीबाई, दुसऱ्या दिवशी श्री. गिरीधर, आणि पुढे एक दिवसाआड, पाण्यासारखं.

घरी मात्र हा पराक्रम सांगताच कढईतला झारा थांबला.

"मला न विचारता?"

"तुझाच सूर आहे तो."

"मागे बसून धरणं वेगळं," सरस्वतीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "पुढे उभी राहिले तर माझा आवाज निघायचा नाही. एकटीने मी कधी लावलाय? लोक हसतील. पहिली आणि शेवटची बाई म्हणून नाव होईल माझं. तुम्हाला सरी वाटलं, बरं वाटलं, झालं."

ह्या प्रकरणात आपली अब्रू गेली तर गेली, पण तिची गेली तर तोंड दाखवायला जागा नाही, हे त्यांना अर्ज दिल्यानंतर कळलं. अर्ज मागे घेता येतो का ते बघायला ते गेलेही. जयतीर्थ म्हणाले, ठराव कार्यवृत्तात चढला.

चतुर्थीच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. बातमी फुटलेली होती आणि चिक्कपेटेपासूनची मंडळी आली होती. सरस्वतीबाईंना पुढे उभं केलं. हिरवं इरकल लुगडं, हात जोडलेले, नजर जमिनीला. गुंडूराव जाऊन बायकांच्या पहिल्या ओळीत बसले.

"अण्णा, पुरुष तिकडे!" भागूबाई म्हणाल्या.

"माझी जागा हीच आहे," गुंडूराव म्हणाले आणि हलले नाहीत. बायकांनी कुजबुजत लुगडी आवरून घेतली.

आरत्या एकामागून एक झाल्या. ती आली. ती जागा आली. झांजा थांबल्या आणि सगळ्या हॉलने सूर धरला. पोरं गळली. पानवाले गळले. पोटवाले गळले. आज फक्त ऐकायचं ठरवून आलेला गिरीधरही मोहाने शिरला होता, तो सभ्यपणे थांबला. सरस्वतीबाई उरल्या. एकट्या. पंचवीस सेकंद, अठ्ठावीस. सुरेख चाललं होतं. आणि तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

हॉलमध्ये आपलाच आवाज उरलाय आणि दोनशे माणसं आपल्या पाठीकडे बघताहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. गुंडूरावांना मागून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजाच्या टोकाला एक थरथर आली ती त्यांनी ऐकली. दोन महिन्यांपूर्वी ती त्यांना ऐकू आली नसती. श्वास निघाला, पातळ झाला, संपत आला. सूर आता तुटणार. गुंडूरावांनी छाती फुगवली नाही, जोर लावला नाही. आत आलेला श्वास नुसता हळूच बाहेर सोडला आणि त्याच्यावर तो सूर ठेवला, तिच्या सुराला चिकटून, खालून. एक सेकंद. दोन. पुढे त्यांच्या बायकोचे खांदे उचलले गेले, पुरा श्वास आत गेला आणि तिचा आवाज परत आला, आधीपेक्षा मोठा. गुंडूराव सुरातून निघाले. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ते असेच आत गेले आणि बाहेर आले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि भागूबाईंना वाटलं, कापूर डोळ्यांत गेला असेल.

सूर संपला तेव्हा क्षणभर कुणाला टाळ्या पिटायचं सुचलं नाही. मग झांजा अशा वाजल्या की गणपतीपुढची समई हलली. जयतीर्थांनी घड्याळ बघून एकसष्ट लिहिलं आणि पुढे कंसात सौ. लिहिलं. गिरीधरने वाकून नमस्कार केला. "काकू, अमेझिंग! तुम्ही ब्रेथ कुठे घेतलात, कळलंच नाही."

"कळायचा नसतोच, बाळा," सरस्वतीबाई म्हणाल्या.

घरी परतताना दोघं रस्त्याच्या कडेने चालत होते. हातात प्रसादाचा पुडा होता. गुंडूराव वाट बघत होते. आता ती काहीतरी म्हणेल. निदान बरं केलंत म्हणेल. गल्लीचं तोंड आलं, गेलं. शेवटी दारापाशी त्या थांबल्या.

"पहिल्या खेपेला उशिरा आलात," त्या म्हणाल्या. "दम संपल्यावर नाही यायचं, संपायच्या आधी यायचं. आणि निघताना तुमचा आवाज लोंबकळतो. मागच्या ओळीला कळलं असेल."

"बरं," गुंडूराव म्हणाले.

"उद्या त्या पोराची पाळी आहे. परवा परत माझी. सकाळी पाच वाजता बसू. मी शिकवते, सासूबाईंनी शिकवलं तसं."

गुंडूरावांना एकदम फार बरं वाटलं. पंचावन्नाव्या वर्षी कुणी माणसाला नवीन नोकरीवर घेत नाही.

"नीट यायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला?" सरस्वतीबाईंनी कुलपात किल्ली घातली आणि नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. "तीस वर्षं धरा."